शाळेचं चार पानी वर्तमानपत्र: आठवी-नववीच्या मुलांना लिहितं करण्याची पूर्ण पद्धत

शाळेच्या वार्षिकांकात मुलांचं लेखन छापून येतं, पण त्यातून मुलं लिहायला शिकतातच असं नाही. दिलेला मजकूर पुन्हा त्यांच्या हातात पडत नाही, हे त्याचं मुख्य कारण. मुलगी निबंध देते, सर दोन-चार वेलांट्या नीट करतात आणि मार्चमध्ये तो छापला जातो. वर्तमानपत्रात असं होत नाही. तिथे कॉपी, म्हणजे बातमीचा लिहून दिलेला मजकूर, परत येते, समासात प्रश्न घेऊन येते: कोण म्हणालं? किती? कधीपासून? मग मुलीला पुन्हा उठून जावं लागतं, विचारावं लागतं, मोजावं लागतं आणि पुन्हा लिहावं लागतं. शिकणं होतं ते या हेलपाट्यात. म्हणून पानं किती, मुलं किती, वेळ कसा काढायचा, ही खालची सगळी आखणी एका हिशेबाने केली आहे: प्रत्येक बातमी छापण्याआधी निदान दोनदा परत गेली पाहिजे.

खानदेशाला हे काही परकं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. ना छापखाना, ना संगणक. आज चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या शाळेतही झेरॉक्स आणि मोबाइल आहे, त्यामुळे साधनं नाहीत ही अडचण उरलेली नाही. अडतं ते वेळेपाशी आणि चिकाटीपाशी.

अंक किती मोठा

एक ए-थ्री कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, मधोमध दुमडलेला. झाली ए-फोर आकाराची चार पानं. १२ पॉइंटचं अक्षर, दोन स्तंभ, तीन-चार फोटो आणि मथळे धरले तर या चार पानांत १,१०० ते १,३०० शब्द बसतात. म्हणजे १२० ते १५० शब्दांच्या आठ बातम्या आणि काही चौकटी. महिन्याला एकच अंक.

बहुतेक शाळा इथेच चुकतात. उत्साहात बारा पानांचा पहिला अंक काढतात, जागा भरायला सुविचार, कोडी आणि इंटरनेटवरचे लेख घेतात, दुसऱ्या अंकाला दोन महिने लावतात आणि तिसरा निघतच नाही. आठ बातम्या दोनदा परत करायच्या तर मार्गदर्शक शिक्षकाला एका खेपेला दर बातमीमागे दहा मिनिटं लागतात. १६ खेपा म्हणजे १६० मिनिटं, साधारण पावणेतीन तास. महिन्याभरात एवढा वेळ एका शिक्षकाला काढता येतो. चोवीस बातम्यांसाठी काढता येत नाही, मग परत करणं बंद होतं आणि उपक्रमाचा जीवच जातो.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आश्रमशाळांत वीज आणि झेरॉक्सचा भरवसा नसेल तर भित्तिपत्र काढा. दोन मोठे ड्रॉइंग पेपर, आठ बातम्या, अक्षर ८ ते १० मिलिमीटर उंच, म्हणजे हातभर अंतरावरून वाचता येतं. बातम्या पेपरवर थेट लिहू नका. प्रत्येक बातमी वेगळ्या पट्टीवर लिहून चिकटवा. शेवटच्या क्षणी चूक सापडली तर एक पट्टी बदलता येते, सगळा पेपर वाया जात नाही.

मुलं आणि कामं

आठवी-नववीतली १४ मुलं पुरतात. आठ वार्ताहर, दोन उपसंपादक, दोन मुद्रितशोधक, एक मांडणीला, एक फोटोला. दर महिन्याला कामं फिरवा. कामं फिरवली नाहीत तर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर फक्त सुवाच्य लिहीत बसते आणि धीट मुलगा वर्षभर मुलाखतीच घेतो. निवड गुणांवर नको. पहिल्या बाकावरची १४ मुलं घेतली तर अंकात वर्गाबाहेरचं काहीच येत नाही. गुरं राखणारा, बाजारात आईबरोबर भाजी विकणारी, दररोज वीस किलोमीटर एसटीने येणारी अशी मुलं असली की बातम्या चालत येतात.

दहावीच्या मुलांना नियमित काम देऊ नका, पण त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमी, सारांश, पत्र आणि जाहिरात येते. दोन वर्षं या अंकात लिहिलेल्या मुलाला ते प्रकार पाठ करावे लागत नाहीत. पालक विचारतात, ‘याचा अभ्यासाला काय उपयोग?’ त्यांना पहिलं उत्तर हे द्या.

वेळापत्रक

शाळा सुटल्यावर बैठक ठेवली की निम्मी मुलं एसटीच्या ओढीने घड्याळाकडे बघत बसतात. शनिवारची शाळा सकाळची असते. शेवटच्या तासानंतर ४० मिनिटं घ्या, आणि दुपारची गाडी कितीची आहे ते विचारून मगच घ्या.

पहिल्या शनिवारी विषय ठरतात. प्रत्येक वार्ताहराने दोन विषय आणायचे, एक मंजूर होतो. दुसऱ्या शनिवारी पहिला खर्डा येतो आणि त्याच दिवशी प्रश्नांसह परत जातो. आठवड्याच्या मधे, बुधवारी, दुसरा खर्डा येतो आणि शुक्रवारी परत जातो. तिसऱ्या शनिवारी तिसरा खर्डा, उपसंपादन आणि मथळे. त्यानंतरच्या आठवड्यात टायपिंग, डमी (पानांचा कच्चा आराखडा), दोन प्रूफं (तपासायच्या प्रती). चौथ्या शनिवारी अंक हातात.

वर्षाची आखणी इथल्या शेतीकडे बघून करा. जूनच्या मध्याला शाळा उघडली तरी पहिला अंक ऑगस्टमध्येच काढा. जुलै मुलाखत आणि वहीच्या सरावाला द्या. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी असते, मुलं शेतात असतात, हजेरी उतरते. तो अंक दोन पानांचा काढा आणि त्यात वेचणीवरच लिहून घ्या. मार्चपासून ऊन चढतं, शाळा सकाळची होते, परीक्षा जवळ येतात. शेवटचा अंक फेब्रुवारीअखेर. म्हणजे वर्षात सात अंक. सात पुरेत.

विषय कुठून आणायचे

‘प्रदूषण: एक समस्या’ हा विषय नाही, तो निबंधाचा मथळा आहे. विषय म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आत्ता माहीत नाही आणि चालत जाऊन, विचारून, मोजून मिळू शकतं असा प्रश्न. आपल्या फाट्यावर एसटी फलकावरच्या वेळेपेक्षा सरासरी किती उशिरा येते? दहा दिवस दोन मुलींनी रोज वेळ टिपली की बातमी तयार. रावेर-यावल भागात केळीचा जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, प्रत्यक्ष पडलेला भाव यांत किती फरक पडला? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या गावातल्या किती बागायतदारांना पत्ता आहे? शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ महिन्यात किती दिवस चालू होता? श्रावणात कानबाई या खानदेशी देवीचे रोट असतात, त्या वेळची गाणी गल्लीतल्या किती बायांना अजून पूर्ण येतात? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावातली किती झाडं झोक्याला उरली आहेत?

यातला एकही प्रश्न मोठा नाही. मोठा विषय मुलांना वरवर लिहायला लावतो. लहान विषयात लपायला जागा नसते.

समारंभाच्या बातमीला महिन्यातून एकदाच जागा द्या, तीही चौकटीत, ४० शब्दांत. ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला, मान्यवर उपस्थित होते, सूत्रसंचालन अमुक यांनी केले’ असली बातमी मुलं झोपेतही लिहितात, कारण ती त्यांनी हजारदा वाचलेली असते. पाहुणे काय म्हणाले आणि त्यावर नववीच्या मुलीने कोणता प्रश्न विचारला, एवढंच लिहून घ्या.

वही आणि मुलाखत

प्रत्येक वार्ताहराला खिशात मावेल अशी छोटी वही द्या. नियम एकच: वही नाही तर बातमी नाही. खर्ड्यासोबत वही जमा करायची. अख्खा उतारा इंटरनेटवरून किंवा चॅटजीपीटीकडून आला आहे का, हे ओळखायला दुसरं काही लागत नाही. वहीत माणसाचं नाव, तारीख, वेळ, जागा आणि त्याच्या तोंडचे शब्द असतात. ते नसतील तर बातमी कितीही सुंदर असली तरी परत.

वहीच्या डाव्या पानावर ऐकलेलं, उजव्या पानावर पाहिलेलं. ही सवय पहिल्या महिन्यातच लावा. पुढे ‘लोक म्हणतात’ आणि ‘मी पाहिलं’ यांची सरमिसळ होत नाही.

ज्याची मुलाखत घेतली त्याच्याकडून त्याचं नाव त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्यायचं. लिहिता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचं. नाव चुकलं की माणूस दुखावतो आणि गावात अंकावरचा विश्वास उडतो.

प्रश्न आधी लिहून न्यायचे, दहा. पहिले दोन सोपे, ज्यांनी माणूस बोलता होतो. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर ‘चांगलं वाटतं’ असंच येतं. त्याऐवजी ‘काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा’ असं विचारायला शिकवा. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजायचं आणि गप्प राहायचं. बऱ्याचदा खरी माहिती त्या शांततेनंतर येते. याचा वर्गात जोड्या करून सराव घ्या. मुलांना गप्प बसणं फार जड जातं.

खर्डा परत कसा करायचा

हा भाग नीट केला तर बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. समजा, पहिला खर्डा असा आला:

‘आमच्या वस्तीत पाण्याची भीषण टंचाई निर्माण झाली आहे. नागरिक त्रस्त झाले असून महिलांना वणवण भटकावे लागत आहे. तरी प्रशासनाने त्वरित लक्ष द्यावे, अशी मागणी जोर धरत आहे.’

व्याकरणाची चूक एकही नाही, आणि माहितीही काही नाही. हा मजकूर शिक्षकाने स्वतः दुरुस्त करायचा नाही. लाल पेनही नको. पेन्सिलीने समासात फक्त प्रश्न लिहायचे: कोणती वस्ती? घरं किती? ‘भीषण’ कशावरून? कोणती बाई, किती लांब जाते, तू तिच्याबरोबर चाललास का? मागणी कोणी केली, कोणाकडे, तोंडी की लेखी? सात प्रश्नांच्या वर जायचं नाही. वीस प्रश्न पाहून मूल लिहिणंच सोडतं.

दुसरा खर्डा:

‘टेकडीमागच्या वस्तीतील दोन हातपंपांपैकी एक १२ जानेवारीपासून बंद आहे. वस्तीत ३४ घरे आहेत. रविवारी सकाळी सात वाजता सुरू असलेल्या पंपावर २१ हंडे रांगेत होते. शेवटचा हंडा भरायला ५० मिनिटे लागली.’

मुलगा रविवारी सकाळी सातला तिथे उभा राहिला, घड्याळ लावून. ‘भीषण’ हा शब्द गेला आणि टंचाई दिसू लागली. पण बातमी अजून अर्धी आहे. समासात आता एकच प्रश्न: ग्रामपंचायत काय म्हणते? तिसऱ्या खर्ड्यात भर पडते: ‘पंपाची साखळी तुटली असून दुरुस्तीसाठी १८ जानेवारीला पंचायत समितीकडे पत्र पाठवले आहे, असे ग्रामसेवकांनी सांगितले.’ पंप बंद पडल्यापासून पत्र जाईपर्यंत सहा दिवस गेले, हे वाचणाऱ्याच्या आपसूक ध्यानात येतं. मुलाने टीका करायची गरज उरत नाही. उपसंपादकाने मथळा दिला: ‘३४ घरांना एकच हातपंप’. मथळा सहा शब्दांच्या आत, आणि बातमीत नाही ते मथळ्यात नाही.

शब्दांची एक बादयादी वर्गात टांगून ठेवा: खळबळ उडाली, एकच गर्दी केली, जोर धरत आहे, संपन्न झाला, मोठ्या प्रमाणात, विविध, अनेक. शब्द वाईट आहेत म्हणून नव्हे. ते आले की मुलाने मोजायचं टाळलं असं समजायचं. ‘अनेक’ दिसलं की किती, ‘विविध’ दिसलं की कोणकोणते.

आकड्यांचा हिशेब

गणिताच्या शिक्षकांना या कामात आणा, कारण मुलांच्या आणि मोठ्यांच्याही बातम्या सर्वांत जास्त इथे घसरतात. ४० मुलांच्या वर्गात एरवी ३२ हजर असतात, वेचणीच्या आठवड्यात २४ आले. हजेरी ८० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आली, म्हणून मुलगी लिहिते, ‘हजेरी २० टक्क्यांनी घटली’. प्रत्यक्षात ३२ मधले ८ कमी झाले, म्हणजे घट २५ टक्के. वाद मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे मूळ आकडेच छापणं: ‘४० पैकी एरवी ३२ मुले येत, या आठवड्यात २४ आली.’

कापसाचं उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. समजा, व्यापाऱ्याने खेड्यावर ७,००० दिले. लांब धाग्याच्या हमीभावापेक्षा हे १,११० रुपयांनी कमी, म्हणजे १३.७ टक्के. मुलं हमखास ७,००० ने भागतात आणि १५.९ टक्के काढतात. कशाच्या तुलनेत कमी, त्याने भागायचं. आणि छापण्याआधी आणखी विचारायचं: कापूस कोणत्या धाग्याचा होता? ओलावा किती होता? हे न विचारता ‘शेतकऱ्याची लूट’ असा मथळा दिला तर तो व्यापारी शाळेत येऊन जाब विचारेल, आणि त्याचं चुकणार नाही.

अहिराणी, लेवा, पावरी: बोली आणि लेखी मराठी

घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलांच्या कॉपीत ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, पाण्याचं पानी. याला अशुद्ध म्हणून हसू नका. हा त्या बोलीचा ठरलेला नियम आहे, आणि नियम आहे म्हणूनच दुरुस्ती सोपी जाते. मुलाला त्याच्याच कॉपीतल्या अशा शब्दांची दोन रकान्यांत यादी करायला लावा, घरचा शब्द आणि छापायचा शब्द. पंधरा-वीस शब्दांनंतर तो स्वतःच पकडू लागतो. हसलं तर तो फक्त खात्रीचे शब्द वापरायला लागतो आणि लेखन आक्रसतं.

बातमी प्रमाण मराठीत, पण माणसाचं बोलणं त्याच्या बोलीत. आजी म्हणाली, ‘पानी आठ दिनमा एकदाव येस’, तर तसंच छापा. खानदेशी वाचकाला कळतं. पावरी किंवा भिली या आदिवासी बोलींतलं वाक्य असेल तर लगेच पुढे मराठी अर्थ द्या. बोलीतलं वाक्य छापण्याआधी ते बोलणाऱ्याला वाचून दाखवा. मजा म्हणून बोली वापरली जातेय असं त्याला वाटता कामा नये.

प्रूफ, मांडणी, छपाई

मुद्रितशोधन दोघांनी करायचं. एक मूळ खर्डा मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट. दुसरा प्रूफावर बोट ठेवून बघतो. दुसऱ्या प्रूफाला अदलाबदल. त्यानंतर एक वेगळी फेरी फक्त नावं, तारखा आणि आकड्यांसाठी, वहीशी ताडून. शेवटी मथळे. मजकूर वाचताना मथळ्यातली चूक डोळ्यांना दिसत नाही, ती अंक वाटल्यावर दिसते.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. मुक्ता किंवा नोटो देवनागरी हे टाइप मोफत मिळतात, मांडणीला लिब्रेऑफिस रायटर किंवा स्क्रायबस पुरतं. डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतला की जोडाक्षरं फुटतात, विशेषतः ‘ऱ्या’ आणि रफार. म्हणून पीडीएफच न्या आणि दुकानातली पहिली प्रत पूर्ण वाचल्याशिवाय पुढच्या प्रती काढू देऊ नका. त्याआधी ए-थ्री कागद दुमडून पेन्सिलीने डमी काढायची. पहिलं आणि चौथं पान कागदाच्या एकाच बाजूला येतं, हे घडी हातात घेतल्याशिवाय मुलांना पटत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवरून मागवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर तो बारीक होऊन येतो. झेरॉक्समध्ये चेहरे काळे पडतात, त्यामुळे फोटो आधी उजळून घ्या.

खर्चाचा हिशेब मुलांनाच करू द्या: प्रती गुणिले दोन बाजू गुणिले गावातला दर. एका बाजूला समजा ४ रुपये पडले, तर १०० प्रतींचे ८०० रुपये. उमेदवारांच्या, पुढाऱ्यांच्या आणि क्लासवाल्यांच्या शुभेच्छा जाहिराती घेऊ नका. एक घेतली की त्या माणसाबद्दल प्रश्न विचारता येत नाही, आणि मुलांना ते लगेच कळतं.

कायदा आणि काळजी

पालकांचं लेखी संमतिपत्र सुरुवातीलाच घ्या, बाहेर जाणं आणि फोटो या दोन्हींसाठी वेगवेगळं. बाहेर जायचं ते दोघांनी मिळून, दिवसाउजेडी. अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा गुन्ह्यात नाव आलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ आणि पॉक्सो कायद्याने मनाई आहे. नाव गाळून गाव, वर्ग आणि आडनाव छापलं तरी ओळख उघड होते. असे विषय मुलांकडे देऊच नका. आणि शाळेबाहेर नियमित विक्री करायची असेल तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली काय करावं लागतं ते आधी विचारून घ्या. शाळा आणि मुलांच्या घरांपुरता अंक ठेवणं सगळ्यांत सोयीचं.

मुख्याध्यापकांशी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: अंक छापण्याआधी ते वाचतील, हरकत असेल तर लेखी प्रश्न विचारतील, पण मुलाला न सांगता ओळ कापणार नाहीत. हे ठरलं नसेल तर पहिली अडचणीची बातमी आली की ती गुपचूप गळते आणि पुढच्या महिन्यापासून मुलं फक्त सुरक्षित विषय आणतात.

अंक निघाल्यावर

दुसऱ्या पानावर खाली डावीकडे ‘दुरुस्ती’ची चौकट कायम ठेवा. चूक झाली तर काय छापलं होतं, काय हवं होतं, एवढं दोन ओळींत. ज्याची चूक त्यानेच ती चौकट लिहायची, नाव न घालता.

प्रत्येक मुलाचे तिन्ही खर्डे टाचून फाइलला लावा. गुण देऊ नका. नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत फाइल उघडून मुलाच्या शेजारी बसा आणि तीन गोष्टी मोजा: पहिल्या खर्ड्यात दर शंभर शब्दांमागे लेखनाच्या चुका किती, किती माणसांशी बोलणं झालं, आणि बादयादीतले शब्द किती. मोजणी मुलालाच करू द्या. जूनमध्ये दहावीत गेलेली मुलं आपल्या वह्या नव्या आठवीच्या हातात देतात. त्या वह्यांतली डावी-उजवी पानं वाचून काढणं, हा नव्या मुलांचा पहिला आठवडा.